मोठीमायचं नाक आणि दुसरी वाइन

आमच्याकडे वैनगंगेचा पूल ओलांडला की कायदा बदलतो. पुलाच्या आरमोरीकडच्या बाजूला गडचिरोली जिल्हा. तिथे दारूबंदी आहे, माझ्या जन्माच्या आधीपासून. ब्रह्मपुरीकडच्या बाजूला चंद्रपूर जिल्हा. तिथेही मध्ये काही वर्षं बंदी होती, आता उठली आहे. म्हणून त्या वर्षी दिवाळीनंतर मी नाशिकहून सुटीवर निघाले, तेव्हा सरळ घरी न जाता आधी ब्रह्मपुरीला उतरले. माझ्या पिशवीत स्वेटरमध्ये गुंडाळलेली एक बाटली होती आणि ती पूल ओलांडू शकत नव्हती.

बाटली फ्रान्सची होती. तिकडच्या एका फार नावाजलेल्या मळ्याची लाल वाइन. पण त्या मळ्याची पहिली वाइन नव्हे, दुसरी. या ‘दुसरी’ शब्दावरून पुढे जे झालं ते सांगण्याआधी मी कोण आणि बाटली माझ्याकडे कशी आली, ते सांगायला हवं.

आमचं घर मासेमारीचं. तलावात जाळं टाकायचं, पावसाळ्यात धानाची रोवणी, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर आईबाबा तेलंगणात मिरची तोडायला जायचे. ते गेले की मी मोठीमायकडे असायची. मोठीमाय म्हणजे माझ्या बाबांच्या मोठ्या भावाची बायको. तिला मूलबाळ नव्हतं. माझी वेणी तिनं घातली, माझ्या शाळेत पालक म्हणून तीच आली, आणि गुरुजींनी “ही पोरगी शिकेल” असं सांगितल्यावर घरी येऊन सगळ्यांना तिनंच बजावलं, “हे शिकन. हिले कोणी कामाले लावू नोका.” आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. आरमोरीत बी.एस्सी. झाले, नागपुरात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं. माझ्या वाट्याला चांगले शिक्षक आले, चांगल्या मैत्रिणी आल्या, आणि मागे मोठीमाय होती. याबद्दल कुणाचे किती आभार मानावेत, हे मला अजून कळत नाही.

नोकरी लागली ती नाशिकजवळच्या एका वायनरीच्या प्रयोगशाळेत. रसातली साखर मोजायची, आंबटपणा मोजायचा, यीस्टवर लक्ष ठेवायचं. वाइन चाखणं माझ्या कामात नव्हतं. पण एकदा चाखणाऱ्यांच्या टेबलावर नमुने ठेवून परत वळताना मी सहज म्हणाले, “या तिसऱ्या पेल्याला भिजलेल्या बारदान्याचा वास येतो.” धान खरेदी केंद्रावर पावसात भिजलेली पोती ज्यानं हुंगली आहेत, तो हा वास विसरत नाही. त्या बाटलीचं बूच खराब निघालं. तेव्हापासून मला चाखायला बसवतात. खरं तर आमच्या कामात चाखणं थोडं आणि हुंगणंच जास्त. तोंडात घेतलेली वाइन तर आम्ही थुंकून टाकतो. हे मी गावात कुणाला सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

आणि गावातच खरी अडचण होती. मोठीमाय दारूबंदीवाली बाई. आमच्या भागात बायकांनी दारूविरुद्ध जे काही केलं, त्यात आमच्या गावच्या गटाच्या पुढे ती असायची. बंदी आली म्हणून दारू थांबते असं नाही. मोहाची चोरून गाळायचे. मोहफुलं भिजवून आंबवलेला सडवा मडक्यात भरून तलावाकाठच्या बेशरमाच्या झुडपात लपवायचे, नाहीतर उकिरड्यात पुरायचे. मोठीमाय ते वासावरून काढायची. पदर कमरेला खोचून ती पुढे, मागून बाया, आणि ती मध्येच थांबून म्हणायची, “इथी हाय.” तिथेच निघायचं. मग तिथेच ओतायचं. लहानपणी मी हे पाहिलं आहे. गाळणारे तिला ‘नाकाडी’ म्हणायचे. ती ते मिरवायची.

तिची पोरगी दारूच्या कंपनीत लागली, हे गावात कळल्यावर हातपंपावर एक शेजारीण बोलून गेली, “मोठ्या दारूबंदीवाल्या बाईचं नाक पोरीनंच कापलं.” हे मला आईनं फोनवर सांगितलं. मोठीमाय मला काहीच बोलली नाही. आणि तेच मला लागलं. ती रोज विचारायची, जेवलीस का, पाणी येते का, थंडी वाजते का. पण कामाचं एका शब्दानंही विचारत नव्हती. कुणी विचारलं तर सांगायची, “पोरगी द्राक्षाच्या कारखान्यात हाय,” आणि विषय बदलायची. शाळेत असताना मी कुठलाही धडा शिकून आले की तिला तो सांगावा लागे. बेडकाचं हृदय, पाण्याचे रेणू, सगळं तिनं चुलीपुढे ऐकून घेतलं होतं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात आवडतं काम मात्र मी तिला सांगू शकत नव्हते. तिनं एकदा विचारावं, एवढंच मला हवं होतं.

आता बाटली. दर हंगामात आमच्याकडे फ्रान्सहून एक वयस्क बाई सल्ला द्यायला येतात. तरुणपणी त्यांनी त्या नावाजलेल्या मळ्यात काम केलं होतं. जाताना त्यांनी ही बाटली माझ्या हातात दिली. मी लेबल दोनदा वाचलं. त्या मळ्याचं नाव पुस्तकात वाचलेलं. मग त्यांनी समजावलं की ही त्यांची दुसरी वाइन आहे. जुन्या, मुरलेल्या वेलींच्या निवडक द्राक्षांची ती पहिली. तिला मळ्याचं नाव मिळतं. कोवळ्या वेलींची, आणि जी पिंपं पहिलीच्या मिश्रणात बसत नाहीत त्यांची ही दुसरी. माती तीच, माणसं तीच, तळघर तेच. मी विचारलं, “मग फरक काय?” त्या हसल्या आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, “पहिली वाइन वीस वर्षं वाट पाहायला लावते. पहिली आम्ही जगाला विकतो. दुसरी आम्ही घरी पितो. तूही घरच्यांबरोबर पी.”

घरच्यांबरोबर! त्यांना काय ठाऊक माझं घर. पण मी मनाशी ठरवून टाकलं. बाटली कंपनीच्या थंड खोलीत आडवी ठेवली आणि दिवाळीची वाट पाहिली.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडई भरते. एकेका गावाची मंडई एकेका दिवशी. दुकानं, जिलेबी, उकडलेले शिंगाडे, दिवसा दंडारीचा नाच, रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुणे. मोठीमायचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, ब्रह्मपुरी तालुक्यात राहतो, नदीच्या त्या बाजूला. त्याच्या गावच्या मंडईला मोठीमाय दरवर्षी जाते. म्हणजे बाटलीला पूल ओलांडायची गरज नव्हती. मोठीमायच ओलांडून येणार होती.

मी आदल्या दिवशी पोचले. बाटली मामीच्या माठाजवळ, गार जागी उभी करून ठेवली, म्हणजे तळाला गाळ बसेल. मामानं विचारलं, “काय व भाची, हे काय आणलंस?” मी खरं सांगितलं. मामानं दारू कधीच सोडली होती. मोठीमायनं त्याला आपल्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. तो बाटलीपासून दोन पावलं मागे सरला. “बाईले माहीत हाय?” मोठ्या बहिणीला तो बाई म्हणतो.

“उद्या सांगीन.”

“मंग उद्या मी वावरात असन,” मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्याच बसनं मोठीमाय आली. नवी साडी, हातात गोड बोरांची पिशवी. मला कुरवाळलं, बारीक झालीस म्हणाली, आणि मामीबरोबर मासे करायला बसली. मामाला काही वावरात जाणं झालं नाही. मंडईच्या दिवशी कोण जातं वावरात! तो दारात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला आणि माझ्याकडे डोळ्यांनी खुणा करू लागला. आता सांग, आता नको, आता सांग.

मी बाटली आणून मोठीमायपुढे ठेवली. “मोठीमाय, हे माझ्या कामाचं आहे. फ्रान्सची वाइन. एका बाईनं मला भेट दिली. तू पी असं मी म्हणत नाही. तू फक्त बघ.”

ती मासा चिरायची थांबली. बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी घाबरून भराभर बोलत सुटले. फार मोठा मळा आहे, जगात नाव आहे, राजेमहाराजे त्यांची वाइन पितात, ही त्यांची दुसरी वाइन आहे…

“दुसरी?” मोठीमाय म्हणाली.

“हो, दुसरी.”

“भाऊ, आयकलं काय तू?” ती मामाकडे वळली. “पोरीले दुसरी देल्ली म्हणते.”

मामानं मान हलवली. “दुसऱ्या धारेची म्हंजे निरा पानी असते, बाई. माणूस पेला तं फक्त मुतते.”

“अवं, पोरगी दिवसरात मेयनत करते तिथी,” मोठीमायचा आवाज चढला, “आन् हिले दुसऱ्या धारेची? पहिल्या धारेची कोणाले देल्ली मंग? कोण हाय थे बाई? बोलाव तिले!”

मी तोंडात बोट घालून बघत राहिले. आयुष्यभर मडकी फोडणारी माझी मोठीमाय, तिच्या पोरीला कमी प्रतीची दारू दिली म्हणून भांडायला उठली होती! मामी पदरात तोंड घालून हसत होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मोहाची गाळताना भट्टीतून आधी जी पडते ती पहिल्या धारेची, कडक. त्याच मडक्यातून मागाहून जी येते ती दुसऱ्या धारेची, मचूळ, पाणचट. पाहुण्याला दुसऱ्या धारेची देणं म्हणजे त्याचा अपमान. मोठीमायनं कधी थेंबसुद्धा घेतला नव्हता, पण हा हिशेब तिला पक्का माहीत होता. इतकी दारू ओतून दिलेल्या बाईला तो माहीत असणारच.

“तसं नाही व,” मी म्हणाले. “धारेचं नाही हे. एकाच मडक्यातली आधीची अन् मागची असं नाही. द्राक्षंच वेगळी तोडतात.” पण ते तिला पटेना. “वेगळी तोडली म्हंजे निवडून टाकलेली ना? टाकलेल्या मालाची!” मी वेलीचं वय सांगितलं, पिंपांचं सांगितलं. माझं एम.एस्सी. काही कामाला येईना. तेवढ्यात माझं लक्ष मामीच्या परातीकडे गेलं.

“मामी, आज मोठी मासोळी कुठी आहे?”

“मोठी?” मामी म्हणाली. “मोठी व्यापाऱ्यानं नेली सकाळीच. घरी ही बारीकच हाय.”

“आणि चव कशाले आहे?”

मामी आणि मोठीमाय एकदमच बोलल्या, “बारीकले!”

आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे. मोठे रोहू-कटला बाजारात जातात, तिथे त्यांना नाव आहे. घरी राहते ती बारीक मासोळी आणि झिंगे. आणि शहरातून आलेला प्रत्येक पाहुणा, मोठा मासा खाऊन झाल्यावर, चोरून आमच्या ताटातली बारीकच मागतो. मी म्हणाले, “तसंच आहे हे. तलाव एकच. जाळं एकच. मोठी बाजाराची, ही घरची. त्या बाईनं मला घरची दिली. म्हणाली, घरच्यांबरोबर पी.”

मोठीमायनं परातीतली एक मासोळी उलटून पाहिली. मग म्हणाली, “घरची देल्ली म्हंजे घरचीच समजते तुले थे.”

“हो.”

“मंग ठीक हाय.” तिनं पुन्हा विळी ओढली. आणि मासा चिरता चिरता, खाली मान घालूनच, “आन् दुसरी म्हून काही वाईट नसते. मी बी तुही दुसरीच माय हावो. पहिली तं मिरचीले गेल्ती.”

यावर मामी इतकी हसली की तिला ठसका लागला. माझी आई तिथे असती तर तीही हसली असती. मी हसले आणि डोळेही पुसले, पण चुलीच्या धुरामुळे ते कुणाला कळलं नाही.

मग मोठीमायच म्हणाली, “उघड तं. पाहू दे तुह काम काय हाय थे.”

तिनं विचारलं होतं. मला वाटलं होतं, हे कधी झालंच तर मोठी काही गोष्ट घडेल, ती मला जवळ घेईल वगैरे. तसं काही झालं नाही. ती हात धुऊन पाटावर बसली आणि मामा खर्रा थुंकून पुढे सरकला.

मी नाशिकहून एकच पेला आणला होता, आमच्या टेबलावरचा, वर निमुळता होत जाणारा. बूच फिरवून काढलं. ते ‘फट’ असा आवाज करत निघालं तेव्हा मामा म्हणाला, “पोलिस नाई ना आला?” वाइन हलक्या हातानं मामीच्या घासलेल्या स्टीलच्या गुंडात, म्हणजे पाण्याच्या कळशीत, ओतली, गाळ बाटलीतच ठेवला, आणि थोडा वेळ तशीच राहू दिली. “हे काऊन?” मोठीमायनं विचारलं. “इतकी वर्षं बंद होती ना. तिला जरा वारा लागू दे.” हे तिला एकदम पटलं. “होय. मिरचीवरून आली का तुही माय बी असीच पडून राहे. वारा लागला का बोले.”

पेल्यात थोडी ओतली. दारातून ऊन येत होतं, त्यात मी पेला धरला. काठाला विटेसारखा रंग, मध्ये पिकल्या जांभळाचा. फिरवली, हुंगली. आणि काय सांगू! पुस्तकात वाचलेलं सगळं होतं त्यात, पण पुस्तकासारखं ओळीनं नव्हतं. जांभूळ आलं, गेलं, मागून ओली माती आली, मग पुन्हा जांभूळ. पहिली वाइन मी कधी चाखलेली नाही, कदाचित कधी चाखणारही नाही. पण या दुसरीनं मला काही कमी वाटू दिलं नाही. ती ताठ बसलेली नव्हती. तिला वीस वर्षं थांबायचं नव्हतं. ती आलेल्या माणसाशी लगेच बोलायला लागणारी वाइन होती. मी घोट घेतला, आणि त्या दिवशी थुंकला नाही.

“कशी हाय?” मामी.

“सुंदर.”

मामीनं बोटभर मागितली, चाखली, आणि तिचं तोंड वाकडं झालं. “आंबट! कुटकीवानी कडू! गोड कुठी हाय हे? फ्रान्सवाल्याईले साखर मिळत नाई काय?” तिनं वरून बोर खाल्लं. मामाला शपथ होती, म्हणून त्यानं फक्त हुंगली. त्यानं पेल्यात इतकं खोल नाक घातलं की नाकाच्या शेंड्याला लागली. “अवं बाई!” तो ओरडला. “ह्यात तं खर्रा हाय!”

“तुह्या तोंडातला हाय थो,” मोठीमाय म्हणाली.

“नाही, मोठीमाय, मामा बरोबर बोलला. तंबाखूचा वास असतो यात. लाकडी पिंपात मुरते ना, तिथून येतो.”

मामा एकदम ताठ बसला. त्या दिवशी येईल त्या पाहुण्याला तो सांगत होता की आपण कंपनीच्या साहेबासारखं ओळखलं.

मग पेला मोठीमायकडे गेला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, प्रसादाची वाटी धरतात तसा. आधी लांबूनच हुंगलं, जुन्या सवयीनं. सडव्याचा वास शोधत होती ती. “मोहाची नाई,” तिनं निकाल दिला. मग जवळ आणलं. डोळे मिटले. “जांभूर हाय.” थोडं थांबून, “माती हाय. तलाव आटला का येते थ्या मातीवानी.” मग पेला नाकापासून जरा दूर नेला. मला वाटलं आता परत देईल. तिनं डोळे उघडले नाहीत. “आन् तुही पेन्सिल हाय.”

“काय?”

“पेन्सिल व. तू पत्तीनं सोलत बसे ना चुलीपाशी. थो कचरा मी रोज झाडत होती. थो वास.”

मी हललेच. पहिल्यांदा जेव्हा मला नाशिकला अशी लाल वाइन हुंगायला दिली होती, तेव्हा मी ‘सोललेली पेन्सिल’ म्हणाले होते. टेबलावरचे सगळे हसले होते, आणि ती फ्रान्सची बाई म्हणाली होती, बरोबर, हाच वास, आम्हीही असंच म्हणतो. मी ही गोष्ट मोठीमायला सांगितली. मग सगळंच सांगितलं. बारदान्याच्या वासाचं, बुचाचं, मला टेबलावर कसं बसवलं त्याचं, दिवसभर आम्ही कसं हुंगतो आणि थुंकतो त्याचं. ती ऐकत होती, बेडकाच्या हृदयाचा धडा ऐकला होता तशी. मध्ये मध्ये विचारत होती. सर्दी झाली तं काय करता? खर्रा खाणाऱ्याले घेतेत काय? मामा म्हणाला, “मले काऊन मधात आणतं, बाई?”

“म्हंजे तुह काम नाकाचं हाय,” ती शेवटी म्हणाली.

“हो. नाकाचंच.”

“मंग आधी काऊन नाई सांगितलं व पोरी? मले वाटलं, पाजायचं काम हाय.” आणि मग ती हसायलाच लागली, हसता हसता तिनं माझं नाक चिमटीत धरलं. “हे माह्यावर गेलं!”

मामी म्हणाली, “आता बाई, तिचं तुमचं रक्ताचं कुठी…”

“रक्ताचं नसन. वासाचं हाय,” मोठीमाय म्हणाली.

आम्ही जेवलो. बारीक मासोळीचा रस्सा झणझणीत होता. खरं तर लाल वाइनबरोबर तो कुणी खाऊ नये असं पुस्तक म्हणतं. मी खाल्ला. बरा लागला, काहीसा भांडकुदळ, पण बरा. बाहेर दंडारीचा ढोल सुरू झाला होता.

दुपारी पाहुणे यायला लागले, आणि त्यांत तीच हातपंपावरची शेजारीण निघाली. आमच्या गावची ती, मंडईला म्हणून आलेली. ओसरीवर बसली, चहा घेतला, आणि तिचं लक्ष कोपऱ्यातल्या बाटलीवर गेलं. तिनं भुवया वर केल्या. “काय व बाई, तुह्या भावाच्या घरी बाटली? आन् तू इथीच बसून राह्यली? लोकाईच्या घरची मडकी फोडली ना तू!”

मामानं माझ्याकडे पाहिलं. मी बाटली उचलायला उठले, तर मोठीमायनं हात आडवा केला.

“बस. पोरीच्या कामाची हाय थे.”

“थेच म्हणतो मी. दारूच्या कामाची.”

“दारूच्या नाई. नाकाच्या,” मोठीमाय सावकाश म्हणाली. “आमच्या पोरीचं नाक नोकरीले हाय. खराब बूच वासावरून काढते. लोक मशीन आणतेत, हे नाकानं सांगते. फ्रान्सची बाई येते हिले इचाराले. आन् तू गावभर सांगत फिरली ना, हिनं माह नाक कापलं म्हून? कापलं असतं तं ह्या नोकरीले लागलं असतं काय? पाह्यजे तं मोजून घे. तिचं तिच्यापाशी हाय, माह माह्यापाशी.” आणि तिनं खरंच आपलं नाक पुढे केलं.

पहिल्यांदा हसली ती शेजारीणच. बशीतला चहा तिच्या लुगड्यावर सांडला. मग सगळी ओसरी हसली. मामानं पुन्हा आपली खर्ऱ्याची गोष्ट सांगितली.

संध्याकाळी आम्ही निघायची तयारी करत होतो. मामी भांडी घासायला बसली, गुंडात तळाला अजून थोडी वाइन होती. तिनं सवयीनं ती मोरीत ओतायला गुंड तिरपा केला.

“ओतू नोको!” मोठीमाय आतून ओरडली.

मामी थांबली. आम्ही सगळेच थांबलो. मोठीमायच्या तोंडून हे दोन शब्द कुणी कधी ऐकले नव्हते. तिलाही ते कळलं असावं, कारण ती जरा ओशाळली. “मेयनत हाय कोणाची तरी,” ती म्हणाली. “पोरीले देऊन टाक.” मी ती पेल्यात घेतली आणि ओसरीवर उभ्या उभ्या, ढोलाच्या आवाजात, शेवटचा घोट प्यायले. सगळ्यात चांगला तोच होता.

रिकामी बाटली मामानं ठेवून घेतली, रॉकेलला कामी येईल म्हणून. बसमध्ये मोठीमाय खिडकीशी बसली. पूल जवळ आला तशी तिनं पदराची गाठ सोडली आणि मूठ माझ्यापुढे उघडली. आत ते बूच होतं, एका टोकाला जांभळं झालेलं.

“काऊन व,” तिनं कानाशी येऊन विचारलं, “बूच बंदीत बसते काय?”

“नाही, मोठीमाय. बूच चालतं.”

तिनं ते नाकाशी नेलं, डोळे मिटून हुंगलं, आणि पुन्हा नीट गाठीत बांधलं. बस पुलावर चढली.